मंगळवार-शुक्रवारची जोडी

बारा चादरी करपल्या त्या दिवशी वाळवणयंत्राचा काटा बिघडला होता. ताईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, बटण बंद केलं, मेकॅनिकला बोलावलं आणि रोजच्यासारखं लेखनिकाला सांगितलं, "लिहा. यंत्र फार तापलं, बारा चादरी करपल्या."

इस्पितळाच्या धुलाईखात्याचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागे. ताईंचं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं नाव अक्षरं जुळवून वाचण्यापुरतं. लेखनिकाने 'आय बर्न्ट ट्वेल्व शीट्स' एवढ्या एका ओळीत काम उरकलं, ताईंनी खाली सही केली. आठ दिवसांनी वरून कागद आला: बारा चादरी जाळल्याबद्दल खुलासा करावा.

"अहो ताई, अर्थ एकच की," लेखनिक म्हणाला. "चादरी जळल्या ना?"

"जळल्या. मी जाळल्या नाहीत."

"इंग्रजीत तेवढं चालतं."

इंग्रजीत काय चालतं आणि काय नाही, हे आपल्याला कळत नाही, हेच ताईंच्या मनाला लागलं. एकवीस वर्षं ताई त्या खात्यात होत्या. रक्ताचे डाग गार पाण्यात भिजवायचे, गरम पाणी लागलं की ते कायमचे बसतात. शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे वेगळ्या पिशवीत. लहान मुलांच्या वॉर्डाच्या चादरींना खळ नाही. नव्या मुलींना हे सगळं त्याच शिकवत. मेकॅनिकने कागदावर लिहून दिलं, खुलासा मान्य झाला, प्रकरण मिटलं. ताईंच्या डोक्यातून मात्र ती ओळ जाईना.

दुसरंही एक कारण होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी साडेपाचला कामावरून सुटल्यावर करायला काही उरलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या आईचं त्यांनी नऊ वर्षं केलं. कूस बदलणं, भरवणं, पुसणं, केस विंचरणं. त्यात लग्नाचं राहून गेलं, मग वय गेलं, आणि मागच्या वर्षी आई गेली. आता त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. दोन खोल्यांत त्या आणि आईचा रिकामा पलंग. भाऊ दुसऱ्या शहरात. रविवारी सकाळी त्याचा फोन येई. "बरी आहेस?" "बरी आहे. तुम्ही सगळे?" "मजेत." चार मिनिटांत दोघांचंही बोलणं संपे आणि ठेवू का म्हणायची पाळी येई.

इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक प्राथमिक शाळा होती. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मोठ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग भरे. बाकं सात-आठ वर्षांच्या मुलांच्या मापाची. पहिल्या दिवशी ताईंचे गुडघे फळीखाली अडकले ते तास संपेपर्यंत सुटले नाहीत. सर म्हणजे कचेरीत जन्मभर मसुदे तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. कोणी 'द' विसरलं की त्यांना खरोखरच वाईट वाटे.

व्याकरण ताईंना आवडलं. वाक्यात करणारा कोण, हे आधी सांगायचं, मग काय केलं ते. करणारा कोणी नसेल तर त्याचीही रीत होती. 'ट्वेल्व शीट्स वेअर बर्न्ट.' हे वाक्य फळ्यावर पाहिलं तेव्हा ताई बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. मग वहीत तीनदा लिहून काढलं.

नको वाटत ती तासाची शेवटची वीस मिनिटं. तेव्हा सर म्हणत, "आता जोड्या लावा आणि एकमेकांना प्रश्न विचारा." वर्गात अकराजण होते. दोन मैत्रिणी एकत्र, दोघे दुकानदार एकत्र, एक नवरा-बायको एकत्र, उरलेल्या चौघांच्या दोन जोड्या, अकराव्या ताई. सर म्हणाले, "तुम्ही वहीत लिहा. प्रश्नही तुमचा, उत्तरही तुमचं."

ताईंनी पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. हॅव यू अ ब्रदर? येस, आय हॅव अ ब्रदर. डझ ही लिव्ह विथ यू? नो. हू कुक्स इन युवर हाऊस? आय कुक. हूम डू यू कुक फॉर? इथे पेन थांबलं. उत्तर सोपं होतं, एका शब्दाचं. त्यांनी ती जागा कोरी ठेवली. सरांनी वही तपासताना तिथे लाल पेन्सिलीने लिहिलं: उत्तर राहिले.

दोन महिन्यांनी बारावा विद्यार्थी आला. पंचावन्नच्या आसपासचा, खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर. बोटांवर बारीक पांढरे व्रण, कानामागे काच आखायची पेन्सिल, तीच घेऊन वर्गात आला. सरांनी विचारलं, काम काय करता, इंग्रजीत सांगा.

"आय ब्रेक ग्लास."

"ब्रेक नाही. कट."

"दोन्ही, सर. मापात आलं तर कट."

वर्ग हसला. ताईही हसल्या, आणि आपलं हसू ऐकून त्यांनाच चमत्कारिक वाटलं. शेवटची वीस मिनिटं आली तेव्हा काचवाले त्यांच्यासमोरच्या बाकावर कसेबसे मावून बसले. जोडी लागली.

पहिले काही आठवडे फळ्यावरचेच प्रश्न चालले. व्हॉट टाइम डू यू गेट अप? फाइव्ह. व्हॉट डू यू सी फ्रॉम युवर विंडो? अ वॉल. मग एका शुक्रवारी काचवाल्यांनी विचारलं, "व्हॉट डिड यू डू ऑन संडे?"

"आय सॅट," ताई म्हणाल्या.

"व्हाय?"

हा प्रश्न फळ्यावर नव्हता. ताईंनी शब्द शोधले. "माय मदर डाइड. नाऊ द हाऊस इज व्हेरी क्लीन."

काचवाल्यांनी मान डोलवली. चूक काढली नाही. मग म्हणाले, "आस्क मी."

"हू इज इन युवर हाऊस?"

"नोबडी. माय वाइफ डाइड. माय सन इज फार. आय टॉक टू द रेडिओ."

"डझ द रेडिओ लिसन?"

"नो. बट इट डझ नॉट गो टू स्लीप."

पुढे दर तासाला असंच झालं. वाक्यं मोडकी, क्रियापदं भलतीकडे, पण कोणाला कधी सांगितलं नाही ते ती दोघं त्या बाकांवर सांगत होती. आई शेवटच्या महिन्यात आपल्याला ओळखत नव्हती, हे ताईंनी भावालाही सांगितलं नव्हतं. काचवाल्यांना सांगितलं. 'शी कॉल्ड मी नर्स.' एवढंच. इंग्रजीत ते वाक्य चार शब्दांत मावलं आणि डोळ्यांत पाणी आणण्याइतकी शब्दसंपत्ती दोघांकडेही नव्हती. इंग्रजीत 'ताई' म्हणणं नव्हतं, अहो-जाहो नव्हतं, नुसतं 'यू' होतं.

शाळेच्या फाटकाबाहेर मात्र "येते" आणि "या" यापलीकडे शब्द फुटत नसे. एकदा दिवे गेले म्हणून वर्ग लवकर सुटला. दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर चालली. काहीतरी बोलायला हवं म्हणून ताईंनी आपल्या भाषेत विचारलं, "आता घरी जाऊन स्वयंपाक तुम्हालाच करावा लागत असेल?"

काचवाले चटकन सावरून म्हणाले, "छे हो, ताई. शेजारीपाजारी आहेत, मुलगा सारखा फोन करतो. काही कमी नाही. देवाच्या दयेने मजेत चाललंय."

"हो ना," ताई म्हणाल्या. "माझंही तसंच. भाऊ फार करतो."

कोपरा आला. दोघं दोन दिशांना गेली. ताईंना घरी जाईपर्यंत वाटत राहिलं की आपण एखाद्या अनोळखी माणसाला हटकलं.

पुढच्या मंगळवारी भविष्यकाळ होता. सरांनी फळ्यावर 'विल' लिहून खाली रेघ ओढली. जोड्या लागल्या. ताईंनी विचारलं, "व्हॉट विल यू डू नेक्स्ट मंथ?"

"आय विल गो टू माय सन. आय विल गिव्ह शॉप टू अनदर मॅन."

"द शॉप," ताई म्हणाल्या.

"येस. द शॉप."

"व्हेरी गुड. नाऊ यू आस्क."

काचवाल्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. वहीत बघत राहिले. ताईंना वाटलं, आज दमलेत. सोप्या 'द'बद्दल आपण उगाच टोकलं असंही वाटलं. त्यांनी आपल्याच मनाने एक वाक्य सांगितलं, 'आय विल बाय अ न्यू पेन', आणि घंटा झाली.

महिनाअखेरपर्यंत काचवाले येत होते. मग एका शुक्रवारी आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. ताईंनी फळा पुसणाऱ्या सरांना विचारलं.

"ते गेले की मुलाकडे. दुकान दिलं दुसऱ्याला," सर म्हणाले. "तुम्हाला बोलले नाहीत?"

"बोलले होते," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, वाक्य करताहेत."

सरांनी प्रवेशाच्या अर्जावरून नंबर उतरवून दिला. ताईंनी तो पर्समध्ये तेरा दिवस ठेवला. मग एका रविवारी भावाचा फोन येऊन गेल्यावर त्यांनी तो लावला. पलीकडे टीव्हीचा आवाज, भांड्यांचा आवाज, मुलांची पळापळ, आणि त्यातून काचवाले म्हणाले, "कोण?"

"मी. वर्गातली. धुलाईखात्यातली."

"अरे वा, ताई. बऱ्या आहात?"

"हो. तुम्ही?"

"उत्तम. सून चांगली आहे, नातवंडं आहेत. काही कमी नाही."

ठेवू का म्हणायची पाळी आली. शेवटी ताईंनीच धीर केला आणि विचारलं, "हूम डू यू टॉक टू?"

मागे कोणीतरी त्यांना जेवायला हाक मारली. त्यांनी आवाज खाली आणला. "सिक्स पीपल आर हिअर," ते म्हणाले. "ऑल आर बिझी." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बरं ठेवतो हं, ताई. पानं वाढलीत."

ताईंनी त्यानंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सुनेने उचलला, ते फोन घरी ठेवून बाहेर गेलेत म्हणाली, निरोप देते म्हणाली. त्यांचा फोन आला नाही. सुनेच्या देखत इंग्रजीत काय बोलणार, हे ताईंना समजत होतं. आपल्या भाषेत काय बोलणार, तेही समजत होतं. त्यांनी तिसऱ्यांदा नंबर फिरवला नाही.

वर्षअखेरीच्या परीक्षेत त्यांना सत्तर टक्के पडले. त्या दिवसापासून अहवाल त्यांनी स्वतःच लिहायला घेतला. मेट्रनने पहिल्या पानावर सही करताना वाचलं, मान हलवली आणि पान उलटलं. लेखनिक म्हणाला, "सुटलो बुवा एकदाचा." वर्गाची दुसरी पायरी सुरू झाली तेव्हा नऊजणच उरले होते. सर म्हणाले, "जोड्या लावा," आणि ताईंकडे पाहून थांबले. खुर्ची ओढून ते त्यांच्या बाकासमोर येऊन बसले.

"मी विचारतो," सर म्हणाले. "व्हॉट डिड यू डू ऑन संडे?"

"आय वॉश्ड द कर्टन्स," ताई म्हणाल्या.

सर म्हणाले, "करेक्ट," आणि पुढचा प्रश्न विचारला.