देवीपाशी अडकलेला कॅमेरा

वडिलांच्या बँकेतल्या बदलीमागून सुनीती कोलकात्यात आली आणि वटवाघळांच्या पंखांवर संशोधन करू लागली. गारठ्यात आपली बोटं आखडतात, बटण लावता येत नाही. थंड पडलेला स्नायू मंदावतोच. वटवाघळाचा पंख तर पातळ, उघडा. उडताना खांदे उबदार राहतात, मनगटाजवळचे स्नायू पार गारठतात. तरी ते कोसळत नाही. का, एवढंच तिला पाहायचं होतं.

उन्हाळ्यातली मोजमापं झाली. थंडी मात्र हुलकावण्या देत राहिली. सगळं शहर माकडटोप्या घालून कुडकुडत होतं, आणि प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या पिंजऱ्यात तिला हवा तसा गारठा काही पडेना. शेवटी तो पडला तो वनखात्याची परवानगी संपायच्या दिवशी. त्या संध्याकाळी वटवाघळं सोडून द्यायची होती. आणि त्याच दिवशी सरस्वतीपूजा होती.

आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेतले हाराधनदा मूर्तीपाशी ठेवायला काहीतरी मागायला आले होते. तिने हौसेने थर्मल कॅमेरा दिला. पंखाचा गारवा रंगांत दाखवणारा तो एकच होता. घरी दसऱ्याला बाबांच्या स्कूटरला हळदकुंकू लागे, फूल वाहिलं जाई, आणि लगेच बाबा किल्ली फिरवत. तसंच असेल, असं तिने गृहीत धरलं.

पूजेच्या पहाटे ती कॅमेरा घ्यायला खाली मूर्तीपाशी गेली. पळसाच्या फुलांखाली पुस्तकं, एक हार्मोनियम आणि तिचा कॅमेरा.

"आज नाही, दिदी," हाराधनदा म्हणाले. "उद्या दही-पोह्यांचा नैवेद्य झाला की."

"उद्या? दादा, ऊन चढलं की संपलं माझं. वटवाघळं आजच सोडायचीत."

"आज कुणी पुस्तकाला हात लावत नाही. वटवाघळांनाही एक दिवस सुट्टी द्या की."

"काल सांगायचं होतं ना हे."

"हे काय सांगायचं असतं?" ते खरोखर चकित झाले. मग बाजूला सरले. "तुम्हीच घ्या. मी नाही हात लावणार."

पिवळ्या साड्यांतल्या मुली पुष्पांजलीसाठी फुलं घेऊन उभ्या होत्या. सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या. सुनीतीने हात पुढे केला. तो फुलांवर थांबला, आणि तिला स्वतःचाच संताप आला. देवाला न मानणारी ती. तरी हात पुढे जाईना.

ती गच्चीवर जाऊन बसली. पिंजऱ्यात वटवाघळं गारठ्यात सहज फेऱ्या मारत होती. सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यातलं काहीही प्रबंधात लिहिता येणार नव्हतं. हळूहळू ऊन चढलं. संध्याकाळी तिने दार उघडलं. वटवाघळं भुर्रकन गेली.

दुसऱ्या दिवशी हाराधनदा प्रसादाचा द्रोण आणि कॅमेरा घेऊन आले. कॅमेऱ्याला कुंकू लागलं होतं.

"आता मोजा, दिदी. देवीचा आशीर्वाद आहे."

"काय मोजू? पिंजरा रिकामा आहे."

त्यांनी कॅमेरा तिच्या हातात दिला. सवयीने तिने कॅमेरा सुरू केला. पडद्यावर त्यांचा चेहरा लाल, द्रोण धरलेली बोटं निळी.

"बोटं गार पडलीत तुमची."

"मग? म्हणून तर म्हणतो, थंडी वाईट."

तिने द्रोण घेतला आणि पुढच्या वर्षीच्या परवानगीचा अर्ज लिहायला बसली.