मालवणच्या गोगलगायी आणि मल्लप्पा

मालवणच्या बारापैकी एकीनेही झाकण उघडलं नव्हतं. कराचीच्या बारापैकी दहा जणी मात्र आपल्या मातीच्या परळाच्या कडेवर निवांत चढून बसल्या होत्या. मी मुंबईच्या प्रोफेसरांना पत्र लिहायला घेतलं.

या समुद्रकाठच्या खडकांवरच्या गोगलगायी. त्रास झाला की अंग आत ओढून शंखाचं तोंड झाकणाने बंद करतात. जात एकच, मग कराचीच्या रखरखीत किनाऱ्यावरची मालवणच्यापेक्षा जास्त उष्णता सोसते का, हा प्रोफेसरांचा प्रश्न. त्यांनी दोन्हीकडच्या ओल्या गोणपाटातून रेल्वे पार्सलने पाठवल्या होत्या, सोबत समुद्राचं पाणी. फाळणीआधीचे दिवस; मी सोलापूरच्या हायस्कुलात सायन्स शिकवायचो. काम चोख झालं तर त्यांच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळणार होती, आणि ती मला फार हवी होती.

खारं पाणी स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू तापवायचं. मग गोगलगायी काढून, दोन्हीकडच्या वेगवेगळ्या परळांत, गार खाऱ्या पाण्यात ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी जी उघडेल ती जिवंत. हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं.

हेडमास्तर डोकावले. "पत्र गेलं का?"

"आजच्या टपालाने जातंय."

"शाळेचं नाव घाला बरं का त्यात."

ते गेल्यावर शिपाई मल्लप्पा दारात घुटमळला. "गुर्जी, काल झाडताना बघितलं, त्या परळातल्या हिंडत हुत्या, ह्या परळातल्या मिटून पडलेल्या. पानी चाखलं तर खारट. पोरं गोगलगाईवर मीठ टाकत्यात, त्या मरत्यात की. मी ते वतलं आन् रांजनातलं गार पानी घातलं."

माझं डोकंच फिरलं. गोड्या पाण्यातही या झाकण लावूनच बसतात. मालवणच्या गोगलगायी उष्णतेने मिटल्या की रांजणाच्या पाण्याने, आता कोण सांगणार? मल्लप्पाला नाही नाही ते बोललो. तो गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं, हे मागाहून सुचलं आणि माझी मलाच लाज वाटली.

त्या परळात पुन्हा खारं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी मालवणच्याही नऊ जणी कडेवर. पण उशीर कशामुळे झाला, ते सांगता येईना. पत्र फाडलं, झालं ते तसंच कळवलं. जागा दुसऱ्याला मिळाली. मी सोलापुरातच रिटायर झालो.

चूक कुणाची, यावर मी बरेच दिवस चडफडलो. प्रयोग मी चाळीस पोरांना समजावला होता. त्या खोलीत रोज झाडू मारणाऱ्या मल्लप्पाला मात्र एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं.