साफ केलेल्या दुकानाचा पंचनामा

माझ्या दुकानात किस्से साचतात, त्याचं श्रेय सर्व्हरला. सर्व्हर चालू असला की माणूस येतो, काम करून घेतो आणि निघून जातो. सर्व्हर बसला की तोही बसतो, आणि आमच्याकडचा माणूस एकदा बसला की बोलतोच!

शेलूबाजारात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सरकारी योजनांचे अर्ज, दाखले, केवायसी, सगळं इथे होतं. माझं आडनाव गवई, पण ते बँकेबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. गल्लीत मी ऑनलाइनभाऊ. कुणाच्या दारात उभा राहिलो की आतून पोरं ओरडतात, "आई, ऑनलाइन आला!"

मागच्या पावसाळ्यात बाजारामागचा नाला आमच्या गल्लीत शिरला. दुकानं भिजली, माल गेला, आणि मग सरकारची मदत जाहीर झाली. त्या दिवसांत सर्व्हर जितका डाऊन होता तितका एरवी कधी नसतो. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या खुर्चीत बसून ऐकलेलं आहे, आणि बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं.

*

पाणी आलं ती सकाळ. गल्लीच्या तोंडाशी भास्करकाकांचं चहाचं हॉटेल आहे. मी पॅन्ट गुडघ्यावर दुमडून पोचलो तर काका पाण्यात उभे, आणि टेबलावर शेगडी ठेवून चहा उकळत होते. जो तो आपापल्या दुकानातला माल वर काढत होता, आणि काका प्रत्येकाला बोलावून चहा देत होते.

मी म्हटलं, "काका, तुमचा माल बुडून राह्यला ना!"

"बुडू दे. दूध उतू गेलं तं ते बी जाईन," काका म्हणाले. मग ग्लास हातात देत म्हणाले, "आज चहा पातळ लागला तं बोलू नको. आज पानी फुकट हाय."

*

आता सलीमचाचांची गोष्ट सांगतो. हा किस्सा आमच्या गल्लीलाच सुचू शकतो.

सलीमचाचा गादीवाले. कापूस पिंजून गाद्या, उश्या, रजया भरून देतात. पाणी आलं तेव्हा ते कारंज्याला, लेकीच्या बाळंतपणासाठी. दुकानाला कुलूप. पाणी ओसरल्यावर सुशीलाताई चाचांच्या दारापुढे उभी राहिली. ही शिवणकाम करते आणि बायांचा बचत गट चालवते. तिच्या आवाजाला माईक लागत नाही.

"चाचा म्हातारा मानूस," ती म्हणाली. "लेकीचं सोडून येईन आन् हा चिखल पाहीन. कायले त्याच्या जीवाले घोर? चला, आपनच साफ करू."

चाचांना फोन करून विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. किल्ली काकांकडे असायची, ती घेतली. विहारातून बाया झाडू घेऊन आल्या. भिजलेला कापूस कुबट वास मारत होता, तो सगळा ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकला. भिजलेल्या गाद्याही गेल्या. पिंजायच्या मशीनची मोटर जळली होती, तर ते अख्खं मशीनच दुरुस्तीला वाशिमला पाठवून दिलं. फरशी धुतली. विहाराच्या रंगकामातला चुना उरला होता, तो भिंतींना मारला. भास्करकाकांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, वर एक अगरबत्ती लावली.

चाचा आले ते स्वतःचं दुकान ओलांडून पुढे गेले. परत आले. आत डोकावले. पांढऱ्या भिंती, ओली स्वच्छ फरशी, कोपऱ्यात अगरबत्ती.

मग म्हणाले, "मले वाटलं, कोई गुजर गया!"

*

सगळे हसले. पण त्याआधीच तलाठी मॅडम नुकसानीचा पंचनामा करून गेल्या होत्या.

या मॅडमबद्दल आधी सांगायला हवं. हल्ली त्यांच्या पदाचं नाव बदललंय, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे. चिखलात चप्पल रुतायला लागली तशी त्यांनी ती हातात घेतली आणि अनवाणी घर न् घर, दुकान न् दुकान पाहिलं. कुणाला हाकललं नाही, कुणाची टाळाटाळ केली नाही. उलट एखादा संकोचून कमी सांगायचा, तर त्याच त्याला आठवण करून द्यायच्या.

काकांच्या हॉटेलात त्यांनी साखर लिहिली, पीठ लिहिलं. कोपऱ्यात फ्रीज आडवा पडला होता. मॅडम म्हणाल्या, "काका, फ्रीज गेला ना? लिहिते."

"नोका लिहू," काका म्हणाले. "तो उन्हाळ्यातच बंद पडला होता. पुराले काहून बदनाम करता?"

मॅडमनी लिहिणं थांबवून काकांकडे पाहिलं. मागून काकू पुटपुटल्या, "उन्हाळाभर म्हनत होते, आज दुरुस्त करतो, उद्या करतो. आता खरं बोलाची घाई झाली!"

मॅडम तशाच चाचांच्या दुकानाशी आल्या. दार उघडं, भिंतीला चुना. खोली अशी चकाचक की कोणी नवीन भाडेकरू यायचा असावा. सुशीलाताई अभिमानानं शेजारी उभी, पण दुकान कुणाचं हे मॅडमनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मॅडमना वाटलं, खोली भाड्याला काढली आहे. त्यांना दिसलं तेच त्यांनी लिहिलं: खोली रिकामी, नुकसान आढळले नाही.

*

मदतीसाठी केवायसी करायची होती. भागीरथामावशी बाजारात बांगड्या विकतात. त्यांची पेटी वाहून गेली होती. मी फोन केला, "मावशी, तुमची केवायसी राह्यली."

"निंगाली ना मी," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. "मावशी, केवायसी!"

"अरे बाप्पा, चपला घालून राह्यली!"

तिसऱ्यांदा मात्र त्या थेट दुकानात येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर माझ्यावर बरसल्या. "काहून रे, रोज फोन करतं आन् नुसतं इचारतं, केव्हा येशी, केव्हा येशी! काम काय हाय ते सांगतच नाही!"

तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणी केवायसी म्हणत नाही. एकमेकांना विचारतात, "तुमची केव्हा येशी झाली काय?"

*

मावशींचा अंगठा मशीनला समजेना, काकांचाही समजेना. जन्मभर गरम ग्लास धरलेले हात. मग चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय आहे, ती लावली. मोबाइल समोर धरला की तो सांगतो, डोळे मिचकवा. काका काही मिचकवेनात. दुकान बायांनी भरलेलं.

"मिचकवा काका," मी म्हटलं.

"या वयात? एवढ्या बायांपुढं डोळा मारू?"

काकू बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मारा. मी हाय ना अठी."

काकांनी डोळे मिचकावले आणि मोबाइलनं लगेच ओळखलं. सुशीलाताई म्हणाली, "पाहा, काकूनं परवानगी देल्यावर मशीनही राजी झालं!"

*

यादी लागली. गल्लीतली सगळी नावं होती. मावशींची पेटी होती, काकांची साखर होती. सलीमचाचा नव्हते.

चाचांनी एकदा यादी पाहिली, चष्मा खिशात ठेवला आणि घरी गेले. लगीनसराई तोंडावर. आमच्याकडे लेकीच्या आंदणात गादी द्यायची ती चाचांचीच, हा शिरस्ता आहे. नवा कापूस नाही, मशीन सोडवून आणायला पैसा नाही, म्हणजे हंगाम हातचा गेला. मदत नाही मिळाली तर दिवाळीनंतर दुकान बंद करून कारंज्याला जावयाकडे जाणार, हे त्यांनी काकांना सांगून टाकलं होतं. त्यांचा बाप याच खोलीत कापूस पिंजायचा.

आणि त्यांचं नुकसान आम्ही आमच्या हातांनी धुऊन टाकलं होतं. प्रेमानं धुतलं, पण धुतलं.

सुशीलाताई दोन्ही वेळ जेवली नाही. मग बचत गटाच्या बाया घेऊन चाचांकडे गेली. "चाचा, आमाले गाद्या पायजे. सगळ्याईले. पैसे आगाऊ घ्या."

चाचांना कळायचं ते कळलं. ते म्हणाले, "बेटा, मशीन वाशिमले, कापूस ट्रॉलीत गेला. कायचा अॅडव्हान्स घेऊ?"

"मंग तसेच घ्या. मागून द्या."

"नको. तसा पैसा घेतला तं मले रातची झोप नाही लागनार. गादीवाल्यालेच झोप नाही, तं गिऱ्हाइकाले कशी लागीन?"

बाया परत आल्या. सुशीलाताईचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला ऐकू आला नाही.

*

मॅडम कसल्याशा कामाला माझ्याकडे आल्या होत्या. सर्व्हर डाऊन. मग त्याही बसल्या आणि त्यांनी सगळं ऐकलं. ट्रॉली, चुना, अगरबत्ती, सगळं. ऐकताना आधी त्यांना हसू आलं, मग ते हसू गेलं.

मी म्हटलं, "मॅडम, यात तुमची काही चूक नाही."

"चूक कुणाची ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला दिसलं ते मी लिहिलं. जे दिसलं नाही ते लिहायचं राहून गेलं. मी फेरतपासणी मागते. साहेब येतील. पण ते पुरावा मागतील, आणि मागायलाच पाहिजे. तो तुम्ही शोधून ठेवा."

आपलंच लिहिलेलं पुन्हा तपासा, असं वर कळवणं सोपं नसतं. मॅडमनी ते दुसऱ्याच दिवशी कळवलं. माझ्या मनात त्या बाईबद्दल जो आदर आहे तो त्या दिवसाचा आहे.

*

मंगरूळपीरहून नायब तहसीलदार साहेब आले. माणूस शांत, पण कागदाला पक्का. गल्लीत पाणी आलं याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांचा प्रश्न एकच होता: या रिकाम्या खोलीत गाद्यांचं दुकान चालत होतं, कशावरून?

"परवाना?"

चाचांनी मान हलवली. नाही.

"लाइटबिल?"

"घरमालक के नाम पे हाय, साहेब."

"बोर्ड?"

"बोर्ड कायले? सगळे तं पयचानतात."

"फोटो? मालाची पावती? काहीही."

मशीन वाशिमला होतं, पण त्याचीही पावती कुणाकडे नव्हती. चाचा हातातली टोपी चोळत उभे. मॅडम खाली पाहत होत्या. काका बोलायला गेले, तर साहेब म्हणाले, "काका, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण मला काहीतरी दाखवा. रिकाम्या खोलीवर मी काय लिहू?"

आणि नेमक्या वेळी सुशीलाताई गायब. मला रागच आला. दुकान धुवायला सगळ्यांच्या पुढे हीच होती, आणि आता कुठे गेली?

ती आली ती डोक्यावर गादी घेऊन. भर दुपारची, घामानं निथळत. साहेबांसमोर रस्त्यावर तिनं ती धपकन टाकली.

"हे पाहा साहेब. माह्या लग्नातली हाय. पोरगी कॉलेजात गेली, पन गादी दबली नाही. बसून पाहा."

साहेब काही बोलायच्या आत तिच्यामागून तिची जाऊ आली, तिच्या डोक्यावर गादी. भागीरथामावशी उशी घेऊन आल्या. काकांनी हॉटेलमागची त्यांची वामकुक्षीची गादी ओढत आणली, तिच्यावर चहाचे डाग. मशिदीकडच्या घरांतून रजया आल्या, विहाराकडच्या घरांतून गाद्या आल्या. बाया आपसात काही बोलत नव्हत्या. आणायच्या, टाकायच्या, आणि पुन्हा घराकडे वळायच्या. मीही धावत घरी गेलो. बायको आधीच आमची गादी उचलून दारात उभी होती.

थोड्या वेळात गल्ली गाद्यांनी भरली आणि तोंडाशी असलेला एसटीचा रस्ताही झाकला गेला. चाचा एकेका गादीकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

साहेबांनी बूट काढले. सुशीलाताईच्या गादीवर मांडी घालून बसले, आणि मांडीवर कागद घेतला.

तेवढ्यात मागे हॉर्न वाजला. कारंज्याहून आमच्या वाशिमकडच्या मालेगावला जाणारी एसटी अडकली होती. पुन्हा हॉर्न. रस्ता कुणी मोकळा करेना. शेवटी ड्रायव्हर दार आपटून खाली उतरला, तरातरा चालत आला. आता हा भांडणार, असं आम्हाला वाटलं. तो गाद्यांपाशी थांबला. चाचांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. बाजूच्या माणसाला विचारलं, काय चाललंय. त्यानं सांगितलं.

ड्रायव्हरनं टोपी काढून काखेत धरली.

"साहेब, माही गादी बी या चाचाचीच हाय. पन ते मालेगावले घरी हाय, आता कशी आनू? नुसतं नाव लिहून घेतलं तं चालीन काय?"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव सांगा."