परत आलेला फराळ

बाळांनो, आज सकाळी हात धुताना साबणाच्या फेसात माझी लग्नातली अंगठी चक्क गोल फिरली!

मी जुना पत्ता घातल्यामुळे तुमचा दिवाळीचा फराळ परत आला होता. आम्ही दोघांनीच तो फस्त केला आणि अंगठी बोटात रुतली. सोनार म्हणाला, "आजी, कापावी लागेल." मी म्हटलं, "आठ दिवस थांबा."

तेव्हापासून मुगाचं कढण, ताक आणि उकडलेला दुधी. "पत्ता चुकवला हिने, शिक्षा मला!" आजोबांचं रोजचं पालुपद.

शरीर किती लवकर रुसवा सोडतं! अंगठी निघाली, तेव्हा बोटावर फिकट वळं दिसलं, आमच्या संसाराएवढं जुनं. आजोबांनी ती पुसून पुन्हा माझ्या बोटात घातली आणि विचारलं, "आता तरी लाडू?"