न्हाणीची भिंत
भिजवलेल्या चुन्याचा वास आला की इंग्रजी अमलातलं लोणावळ्याचं आमचं परस आठवतं. आई तिथं न्हाणीभोवती भिंत बांधत होती. शेजारच्या बंगल्यावरचा दिवाणजी ओरडला, "परवानगी नसेल तर पाडून टाकीन!" आई तशीच चुन्याच्या हातांनी मला घेऊन कचेरीत गेली. कारकून भला होता. हळूच म्हणाला, "बाई, जुनी भिंत दुरुस्त करतोय म्हणा, मग परवानगी लागत नाही." आई म्हणाली, "खोटं कशापायी? भिंत नवीच हाय. आमी बायका आता उघड्यावर न्हानार न्हाई. रीतसर परवानगी द्या, मंजी कुनी हात लावनार न्हाई." आणि बंगल्यावरून कुणाला डोकावता येऊ नये म्हणून उंची तिने मुद्दाम हातभर वाढवून मागितली. तेवढी मिळाली. आज मी तिच्याहून म्हातारी झाले, तरी हे सांगताना माझा आवाज चढतो.