सुमनच्या दगडावर टाकलेलं लाकडी डोकं

भूतखेत, करणी असलं काही कोणी सांगू लागलं की मी उठून जाणारा माणूस... आजही तसाच आहे. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्याच घरच्या ओट्यासमोर, भरदुपारी घडलं.

साठ सालानंतरची गोष्ट. मी नागपूरला एका डॉक्टरांच्या हाताखाली होतो. माणसाचं डोकं किती मार सहन करतं, हे ते शोधत होते. जिवंत माणसाचं डोकं आपटून तर बघता येत नाही! म्हणून कोण कुठून पडलं, वाचलं की गेलं, याचा तपास करायचा आणि त्याच जागी, तेवढ्याच उंचीवरून आमचं लाकडी डोकं टाकायचं. त्याच्या आत मेण, मेणावर टेकवलेला खिळा. मार जितका जोराचा, तितका खिळा खोल रुतायचा.

राळेगावजवळच्या आमच्या गावी मीच त्यांना नेलं. गावातले अब्दुलचाचा उंच चिंचेवरून डोक्यावर पडूनही धडधाकट होते. आणि माझी धाकटी बहीण सुमन... ओट्यावर उभी राहून भिंत सारवताना तोल जाऊन खालच्या दगडावर पडली. उठली, स्वतःच हसली, भाकरी थापल्या आणि दिवस मावळायच्या आत गेली.

"एवढुशा ओट्यावरून माही पोर मेली कशी, थे तुह्या सायबाले इचार," आई म्हणाली. तिला तेवढंच हवं होतं. लेकरू पडलं की आया जमिनीला चापट मारतात ना, तशी ती त्या दगडाला रोज मारायची. मला ते बघवत नसे.

चिंचेखाली खिळा चांगलाच रुतला. मग आमचा ओटा. सुमनच्या उंचीवरून मी लाकडी डोकं सोडलं... आवाजच नाही! उघडून पाहिलं, तर मेणावर ओरखडासुद्धा नव्हता. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. डॉक्टरांनी खिळा बदलला, शेजारच्या दगडावर टाकून पाहिलं – तिथं बरोबर रुतला. सुमनच्या दगडावर मात्र ते अलगद टेकायचं, कोणी ओंजळीत घ्यावं तसं.

डॉक्टर घाम पुसत बसून राहिले. आई दारातून उठून आली, दगडापाशी बसली.

"लाकडाले झेललं ना रे," ती त्या दगडालाच म्हणाली. "मंग माह्या सुमीच्या येळी कुठं गेलता?"

त्या दुपारी काय झालं, ते डॉक्टरांना कळलं नाही, मलाही आजवर कळलेलं नाही. मी ते सोडूनही दिलं असतं. पण आई जिवंत होती तोवर मला एकच विचारत राहिली, "लाकडाले झेललं, मंग माह्या सुमीले काऊन नाही?"