लांबून आलेल्याचं तिकीट

"कुठून आले?"

मंडपाच्या तोंडाशी लाकडी स्टुलावर बसून कावेरीअक्का प्रत्येकाला हेच विचारत. उत्तर मिळाल्याशिवाय तिकीट फाडत नसत. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला होता. निवृत्त झाल्या तरी खांद्यावरची चामडी पिशवी काही सुटली नव्हती. फक्त इथं त्यांचा हिशेब उलटा होता. एसटीत लांबच्याला भाडं जास्त, आमच्या नाटकाला मात्र लांबच्याला तिकीट कमी आणि जागा पुढे. आमच्या गावातल्या, म्हणजे गोरेगावातल्या गोरेगावात, घरून चहा पिऊन चालत आलेल्या माणसाला सगळ्यात महाग तिकीट आणि सगळ्यात मागची सतरंजी.

"त्यानं जीपचं भाडं आदीच भरलंय," अक्का म्हणत. "तुमचं काय, चपला घातल्या की आले!"

मी या नाटकमंडळीचा मास्तर. शाळेतही मास्तर आणि नाटकातही. लिहायचं, बसवायचं, एखादी छोटी भूमिका करायची आणि सगळ्यांवर ओरडायचं, ही कामं माझी. पैसा उभा करणं अक्कांकडे. शेतांमध्ये हळद शिजायला लागली की आमचं नाटक. त्या दिवसांत सगळं गावच अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. कढत हळदीची वाफ रानावरून सरकत येते, संध्याकाळचं ऊन तिच्यात अडकतं, आणि समोरून येणारा माणूस ओळखीचा आहे की कुणी स्वप्नातला, हे जवळ येईपर्यंत कळत नाही. अशा पिवळ्या धुरकटीतून माणसांनी भरलेल्या जीपा यायच्या. बायका पदर सावरत उतरायच्या, लेकरं झोपाळलेली. विंगेतून ते बघताना मी माझी वाक्यं विसरायचो, आता काय सांगू!

एकदा आमच्याच गल्लीतला कापडदुकानदार अक्कांपुढे उभा राहिला आणि खुशाल म्हणाला, "कनेरगाव नाक्याहून आलो."

अक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाक्याहून? एवढ्या लांबून? मंग अंगावर धूळ कुठंय? इस्त्री तर कडक हाय. काहून खोटं बोलून राहिले शेठ? एसटीत लोक जवळून बसलो म्हणून खोटं बोलायचे, तुमी लांबून आलो म्हणून बोलता. काढा बराबर पैशे!"

रांग खो खो हसली. शेठजींनी पूर्ण पैसे मोजले आणि मुकाट मागे जाऊन बसले.

नाटक दिवेलागणीला सुरू होई आणि जेवणवेळेपर्यंत संपे. शेवटचे दोन प्रवेश उरले की अक्का स्टूल उचलून सडकेवर जात. परतीच्या जीपा उभ्या करणं, कोणत्या वाडीचे लोक कोणत्या जीपमध्ये हे ठरवणं, म्हाताऱ्यांना पुढची सीट राखून ठेवणं, हे सगळं त्याच करत. आमचं एकही नाटक त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. मी विचारलं की म्हणत, "लोक घरी पोचले की माजं नाटक संपलं."

मग एक वर्ष असं आलं, की मंडप, स्पीकर, लाइट, सगळ्यांचेच भाव चढले आणि नाटक बंद पडायची वेळ आली. तेवढ्यात मुंबईच्या एका संस्थेचे साहेब आले. गोड माणूस. माझ्या ओसरीवर बसून म्हणाले, "सगळा खर्च आमचा. तुम्ही फक्त प्रवेश मोफत ठेवा, आणि पुढे पाहुण्यांसाठी थोडे सोफे." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तोच शेजारी बसलेल्या अक्का म्हणाल्या, "फुकट न्हाई."

"अक्का, डोकं फिरलं का तुमचं?" मी ओरडलोच.

"ऐका मास्तर. साहेब, तुमी बी ऐका. आमी मेंढरंवाले. बापानं मला खांद्यावर बसवून नाटकाला आणलं होतं, जत्रेत. फुकट होतं. दुपारपासून पुढं जागा धरून बसलो. पडदा उघडला, राजा आला, रानी आली. मी तर डोळे मिटायला बी भ्याले. अन् कुणीतरी बापाच्या दंडाला धरलं. ऊठ, पाव्हणे आले. बाप उठला. काय करंल? घरापस्तोर एक शब्द बोलला न्हाई तो." अक्कांनी खांद्यावरची चामडी पिशवी पुढ्यात ओढली. "फुकटातल्याला कुणी बी उठवतंय. ज्यानं तिकीट काढलं, त्याला उठवता येत न्हाई. दोन रुपये ठेवा, पन ठेवा."

साहेब हळूच म्हणाले, "सोफे राहू द्या. तिकीट ठेवा. उरलेला खर्च आम्ही देतो."

नाटकाच्या दिवशी साहेब गाडीतून उतरले, तेव्हा अक्कांनी त्यांनाही अडवलं. "कुठून आले? मुंबई? मंग सगळ्यात कमी तुमचंच. जा, पुढं बसा." साहेब मेंढपाळांच्या बायकांमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसले. नाटक संपेपर्यंत त्यांच्या मांडीवर कुणाचंतरी लेकरू झोपून गेलं होतं.

अक्का गेल्या, त्याला आता दुसरा पावसाळा. त्या जाण्याआधीच्या शेवटच्या नाटकाला त्यांचे गुडघे पार गेले होते. स्टुलावर दुसऱ्याला बसवलं, जीपांची जबाबदारी जीपवाल्यांनीच घेतली, आणि अक्कांना म्हटलं, "आज तुम्ही नुसतं बघा. पुढे बसा." ऐकतील तर त्या अक्का कसल्या! गाववाल्याचं महाग तिकीट काढलं आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसल्या.

मी लिहिलेला शेवट काही फार भारी नव्हता. रुसून गेलेली मुलगी परत येते, म्हातारा तिला ताट वाढतो, एवढंच. पडदा पडला, लोक उठले, जीपा सुरू झाल्या. मंडपवाले सतरंज्या गुंडाळायला लागले. अक्का मात्र बसलेल्याच, नजर पडद्यावर, गाल ओले.

मी धावत गेलो. "अक्का, काही तकलीफ होतेय का? उठा, घरी सोडतो."

"न्हाई मास्तर," त्या म्हणाल्या. "मी तिकीट काढलंय."

मंडपवाल्यांनी बाकीच्या सगळ्या सतरंज्या गुंडाळून टेम्पोत टाकल्या. अक्कांची तेवढी राहू दिली. मीही मग त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.